बिनदुधाच्या चॉकलेट-पेपरमिंट वड्या: गावच्या स्वयंपाकघरात, नाताळच्या थंडीत

न्हाणीतली खोबरेल तेलाची बाटली सकाळी उलटी केली आणि एक थेंब पडला नाही, की आमच्या घरी चॉकलेटचे दिवस सुरू होतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. आमच्या वरूडकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, डिसेंबर लागला की पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली उतरतो. तिथपासून संक्रांतीपर्यंत स्वयंपाकघरातला उत्तरेकडचा कोनाडा फ्रीजचं काम करतो. चॉकलेट घट्ट व्हायला लागतो तेवढा गारवा त्यात असतो, भारनियमन असो की नसो. हीच कृती एप्रिल-मे मध्ये करायला जाऊ नका. तेव्हा आपल्याकडे पारा ४५ वर असतो आणि चांगल्यातलं चांगलं चॉकलेटही ३४ अंशांच्या आसपास वितळतं.

मी हे शिकले ते माझ्या पुतणीसाठी. ती सात वर्षांची आहे आणि तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की वर्गात चॉकलेट वाटतात, आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यात तर रोजच काही ना काही असतं. ती ते खात नाही. मुठीत धरून घरी आणते, धाकट्या भावाच्या हातावर ठेवते आणि कुणी न सांगता साबणाने हात धुवायला जाते. एकदा तिने मूठ उघडली तेव्हा चॉकलेट वेष्टणातून बाहेर येऊन तळहाताच्या रेषांमध्ये भरलं होतं. ती रेष न् रेष घासत बसली होती. त्या दिवशी ठरवलं की घरात असं काही करायचं, जे तिला आणि तिच्या भावाला एकाच ताटातून उचलता येईल.

ही कृती नवख्यासाठी आहे. कधी केक केला नसेल, घरात ओव्हन नसेल, थर्मामीटर नसेल, तरी जमते. दोन टप्पे आहेत: संध्याकाळी पेपरमिंटचा पांढरा गाभा करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर चॉकलेटचा लेप चढवायचा. प्रत्यक्ष काम दोन तासांचं. पण त्याआधी दूध कुठे कुठे लपतं ते बघू, कारण चुका तिथेच होतात.

दूध कुठे लपतं

'दूध चालत नाही' हे दोन वेगळ्या कारणांनी असू शकतं. काहींना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, पण थोडंसं चालून जातं. दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर, म्हणजे केसीन आणि व्हे यांच्यावर, उलटतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, आणि कधी श्वासही अडकतो. अशा लेकरासाठी 'थोडंसं चालतं' हे कुणीही आपल्या मनाने ठरवायचं नाही. सूज आली किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आणि आपल्या देशात दूध शाकाहारीच धरलं जातं. 'डार्क' या शब्दावरही जाऊ नका. मी पहिल्यांदा शहरातल्या एका दुकानातून काळीभोर वडी आणली होती. वर मोठ्या अक्षरांत डार्क लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, 'यात दूध नसते ताई.' घरी आणून मागची बारीक अक्षरं वाचली तर घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स. तोवर पुतणीने एक तुकडा चाटला होता आणि तिच्या ओठांभोवती लाल गांधी उठल्या होत्या. तेव्हापासून मी आधी पाकीट उलटं करते, मग पैसे काढते.

मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि तिच्या शेवटी अ‍ॅलर्जीची ओळ. २०२० च्या लेबलच्या नियमांनुसार दूध असेल तर ते वेगळं सांगावं लागतं: 'कंटेन्स मिल्क' किंवा 'कंटेन्स: मिल्क, सोय' असं इंग्रजीत छापलेलं असतं. यादीत मिल्क सॉलिड्स, मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे पावडर, केसीनेट, लॅक्टोज यांपैकी एकही शब्द दिसला तर पाकीट परत ठेवा. 'मे कंटेन मिल्क' म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचंही चॉकलेट बनतं आणि अंश मिसळलेला असू शकतो. लॅक्टोज न पचणाऱ्याला ते बहुतेक चालेल, अ‍ॅलर्जीवाल्याला नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर हे शब्द कागदावर उतरवून घ्या आणि शाळकरी पोरापोरींकडून जुळवून बघा. हल्ली काही पाकिटांवर हिरवं व्ही असलेलं व्हीगन चिन्हही असतं. त्याचा अर्थ त्यात प्राण्यापासून आलेलं काहीच घातलेलं नाही. शोधायला ते सोपं आहे, पण ते असलं तरी अ‍ॅलर्जीची ओळ वाचायचीच.

उलटही होतं. 'कोको बटर' वाचून माणसं दचकतात. ते कोकोच्या बियांचं तेल आहे, त्यात लोणी नाही. बटर पेपरमध्येही बटर नसतं. कोको पावडर चालते, पण बिनसाखरेची, नुसती कोको. दुधात घालून प्यायच्या चॉकलेटच्या भुकट्यांमध्ये पुष्कळदा दुधाची पावडर असते, त्या घेऊ नका.

आणि मग आपलं स्वतःचं घर. पहिल्या वेळी मी सगळं जपून केलं आणि सासूबाईंनी मदत म्हणून ताटाला सवयीने तुपाचा हात लावला. तूप म्हणजे दूध, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. त्यांचा काय दोष, मीच सांगायला हवं होतं. ते ताट मोठ्यांसाठी ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. मिक्सरच्या भांड्यात लस्सी किंवा ताक फिरवलं असेल तर पात्याखालचं रबर काढून गरम पाण्याने धुवा, तिथे ओशट थर राहतो. लाकडी चमचा दुधातला असेल तर घेऊ नका, स्टीलचा घ्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून आपण पोळ्या-पापड लाटायला ठेवतो. या कामात त्या अजिबात नको.

काय काय लागेल

साधारण ४० लहान वड्यांचा हा हिशोब आहे. गाभ्यासाठी २५० ग्रॅम पिठीसाखर, एक मोठा चमचा खाण्याचं खोबरेल तेल, चार लहान चमचे कोमट पाणी, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब आणि पेपरमिंट. लेपासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे दूध नसलेली तयार डार्क चॉकलेटची किंवा डार्क कंपाउंडची वडी, २५० ग्रॅम. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते वितळवून थंड केलं की आपोआप घट्ट होतं. अस्सल डार्क चॉकलेट चवीला वरचढ, पण त्याला थोडं सांभाळावं लागतं, ते पुढे सांगते. तालुक्याला केकचं सामान मिळणारं दुकान असतं. नाही तर अमरावतीला किंवा नागपूरला कुणी जाणार असेल तर सांगून ठेवा.

दुसरी वाट घरगुती लेपाची. १०० ग्रॅम खोबरेल तेल, ६० ग्रॅम कोको पावडर, ६० ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. हे सामान किराणा दुकानात मिळतं आणि आपण काय घातलं ते आपल्याला माहीत असतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा हीच वाट धरा. याची एकच अडचण: खोबरेल तेलावर जमलेलं असल्यामुळे हातात धरलं की मऊ पडतं. म्हणून घरी खायला हे, आणि शाळेत किंवा गावाला पाठवायचं असेल तर तयार वडीचा लेप, असं मी करते.

खोबरेल तेल न्हाणीतलं घेऊ नका. डोक्याच्या तेलात सुगंध घातलेला असू शकतो. पाकिटावर खाद्यतेल असल्याचा उल्लेख आणि अन्न परवान्याचा क्रमांक असलेलंच घ्या.

पेपरमिंट कोणतं घ्यावं

यावर जरा थांबते, कारण गावात पेपरमिंट तीन ठिकाणी मिळतं आणि तिन्ही सारखी नाहीत.

केकच्या दुकानात खाण्याचं पेपरमिंट इसेन्स किंवा तेल मिळतं. इसेन्स सौम्य असतो, २५० ग्रॅम साखरेला पाऊण ते एक लहान चमचा लागतो. तेल फार तेज, त्याचे चार थेंब घालून सुरुवात करायची आणि आठाच्या पुढे जायचं नाही. बाटलीवर खाण्यासाठी योग्य असं लिहिलेलं हवं. वासासाठी, मालिशीसाठी विकतात ते तेल पोटात घेऊ नये.

काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं पेपरमिंटचं फूल, म्हणजे मेंथॉल. पांढऱ्या, चकचकीत, सुईसारख्या लांबट कांड्या असतात. पानठेल्यावर पानात टाकतात तेही हेच. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे जपानी पुदिन्याची मोठी शेती आहे. त्याच्या तेलात मेंथॉलचं प्रमाण खऱ्या पेपरमिंटपेक्षा बरंच जास्त असतं आणि त्यातूनच हे फूल काढतात. म्हणून फुलाची चव नुसती थंड आणि धारदार लागते, पेपरमिंटच्या तेलातला गोडसर हिरवेपणा त्यात नसतो. चालतं, पण हात राखून. २५० ग्रॅम साखरेला ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं पुरे. पाण्यात टाकाल तर विरघळणार नाही, तसंच तरंगत राहील आणि एखाद्याच वडीत सगळी आग येईल. कोमट खोबरेल तेलात टाका, चमचा फिरवेपर्यंत विरघळतं.

एक इशारा मात्र मनावर घ्या. त्या दुकानात पेपरमिंटचं फूल, कापूर आणि ओव्याचं फूल शेजारीशेजारी ठेवलेलं असतं, कारण तिन्ही मिळून अमृतधारा करतात. तिन्ही पांढरी, तिन्ही खड्यांसारखी. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. दुकानदाराला नाव स्पष्ट सांगा, खाण्यासाठी हवं आहे हे सांगा, पुडीवर लिहून घ्या आणि घरी वास घेऊन बघा. देव्हाऱ्यातल्या कापराचा वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जराही शंका आली तर पुडी बाजूला ठेवा आणि इसेन्सच वापरा. अगदी लहान बाळांना, दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना, या वड्या देऊ नका. ज्यांना छातीत जळजळीचा त्रास आहे त्यांनाही पेपरमिंटने तो वाढू शकतो.

तिसरा पर्याय आपल्या परसातला ताजा पुदिना. तो चटणीत ठेवा. साखरेत वाटला तर दुसऱ्या दिवशी काळपट पडतो आणि गवतासारखा लागतो.

संध्याकाळी: गाभा

पिठीसाखर अंगठा आणि बोटात चोळून बघा. कणी लागली तर वडीतही कणीच लागेल. घरी दळत असाल तर साखर थोडी थोडी फिरवा, १०० ग्रॅमला एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर टाका आणि मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. चाळणी कोरडी ठक्क हवी.

परातीत साखर घेऊन मध्ये आळं करा. तेल कोमट करून त्यात पेपरमिंट मिसळा आणि ते आळ्यात ओता, लिंबाचा रस टाका. बोटांनी चोळा, आपण शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं. मग कोमट पाणी. एकदम ओतायचं नाही. एक चमचा टाका, मळा, दुसरा टाका, मळा. तिसऱ्या चमच्यापर्यंत हे कधी एकत्र येणारच नाही असं वाटेल. चौथा चमचा अर्धा अर्धा करून टाका, कारण इथे चार थेंबांत कोरड्याचं चिकट होतं. चिकट झालंच तर आणखी साखर भुरभुरवा. गोळा करंजीच्या पिठाइतका घट्ट, गुळगुळीत हवा. दोन बोटांत दाबला तर कडेला चिरा पडू नयेत आणि बोटाला लागू नये.

आता चव बघा. पहिल्या घासाला जे वाटेल तेच खरं, कारण दुसऱ्या वेळी जीभ आधीच थंडावलेली असते आणि कमी वाटतं म्हणून आपण आणखी टाकतो. पुन्हा बघायचं असेल तर पाणी पिऊन पाच मिनिटं जाऊ द्या.

गोळा दोन जाड, नव्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. शहरात गोल चकत्या पाडतात. मी शंकरपाळ्यासारखे चौकोन कापते, म्हणजे कडेचे तुकडे उरत नाहीत आणि पुन्हा लाटावं लागत नाही. खोबरेल तेलाचा हात लावलेल्या ताटात हे चौकोन एकमेकांना न चिकटतील असे मांडा.

रात्रभर ते उघडे वाळले पाहिजेत, म्हणजे वरची पापडी घट्ट होते आणि चॉकलेटमध्ये बुडवताना गाभा विरत नाही. मुंग्यांचा बंदोबस्त जुनाच: परातीत पाणी, पाण्यात पालथी वाटी, वाटीवर ताट, आणि ताटावर पातळ सुती फडकं. तुळशीजवळ किंवा अंगणात ठेवू नका, दवाने साखर पाझरते. झोपायच्या आधी चौकोन एकदा उलटवून ठेवा, म्हणजे खालची बाजूही वाळेल.

सकाळी: लेप

सहा-साडेसहाला सुरू करा. ऊन चढायच्या आत लेप बसला पाहिजे. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर हे काम दुसऱ्या खोलीत करा, चॉकलेट धुराचा वास ओढून घेतं आणि मग तो जात नाही. आणि रात्रीची ती पाण्याची परात आधी तिथून हलवा.

पाणी हा या कामातला खरा शत्रू. चॉकलेटमध्ये साखर आणि कोकोचे अगदी बारीक कोरडे कण तेलात पसरलेले असतात. पाण्याचा एक थेंब पडला की ते कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि बघता बघता सगळं खरखरीत गोळा होऊन बसतं. माझ्या हातून पहिल्या वर्षी असंच झालं. भांड्यावर झाकण ठेवलं, झाकणाला वाफ धरली, आणि झाकण उचलताना चार थेंब आत पडले. पाव किलो चॉकलेट दोन मिनिटांत वाळूसारखं झालं. तेव्हा झाकण ठेवायचं नाही. वाडगं, चमचा, हात, ओटा सगळं कोरडं, बांगड्यासुद्धा पुसून घ्या.

तयार वडी असेल तर पावशीवर गूळ चिरतो तशी बारीक चिरा. एका गंजात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बंद करा. त्यावर गंजाच्या तोंडापेक्षा मोठं स्टीलचं वाडगं असं बसवा की बाजूने वाफ वर येणार नाही आणि वाडग्याची तळी पाण्याला लागणार नाही. कंपाउंड असेल तर सगळा चुरा टाका, हलके हलके हलवत राहा, वर एक लहान चमचा खोबरेल तेल टाकून पातळ करा, झालं.

अस्सल डार्क चॉकलेट असेल तर एक तृतीयांश चुरा बाजूला काढून ठेवा. दोन तृतीयांश वितळवा, वाडगं खाली उतरवा, तळी पुसा, आणि उरलेला चुरा मूठ मूठ टाकत ढवळा. कोको बटर नीट आवळून बसायला चॉकलेट आधी ४५ अंशांपर्यंत तापवून, २८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ ला आणायचं असतं. थर्मामीटर नसेल तर चुऱ्याची ही युक्ती जवळपास तेच काम करते, कारण न वितळलेल्या चॉकलेटचे कण बाकीच्याला बसायचं वळण लावतात. ओळख अशी: चमच्याच्या टोकावर घेऊन खालच्या ओठाला लावा. गरम लागलं तर अजून ढवळा. किंचित गार लागलं की वापरा. या चॉकलेटमध्ये खोबरेल तेल घालायचा मोह टाळा. कोको बटर आणि खोबरेल तेल एकत्र आले की दोघांपेक्षाही मऊ काहीतरी तयार होतं आणि लेप बोटाला लागतो.

घरगुती लेप आणखी सोपा. तेल वितळवून खाली उतरवा, कोको आणि साखर एकत्र चाळून त्यात टाका, मीठ टाका, गुठळी मोडेपर्यंत ढवळा. साखर तेलात विरघळत नाही, ती नुसती तरंगते. म्हणून ती मऊसूत हवी आणि दर दोन-तीन वड्यांनंतर लेप तळापासून ढवळायला हवा, नाही तर शेवटच्या वड्यांना नुसता कोकोचा गाळ येतो. लेप फार पातळ वाटला तर गार कोनाड्यात पाच-सात मिनिटं ठेवा. पातळ वरणाएवढा दाट झाला की बुडवायला घ्या.

चौकोन खोलीच्या तापमानाचे असू द्या. फ्रीजमधून काढून बुडवले तर लेपाला नंतर तडे जातात. काट्याच्या चमच्यावर एक चौकोन ठेवा, बुडवा, वर काढा, काटा वाडग्याच्या काठावर दोनदा आपटा, तळाचा थेंब काठाला पुसा आणि वडी कागदावर सरकवा. पहिल्या चार-पाच वेड्यावाकड्या होतील. दहाव्या वडीला हात बसतो. लेप ओला असतानाच वर दोन-तीन चारोळ्या ठेवा. मेळघाटाकडची चारोळी आठवडी बाजारात मिळते आणि पेपरमिंटच्या थंडाव्याबरोबर तिचा खमंगपणा छान जातो. सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी खाणार असेल तर चारोळी गाळा, वर मिठाचा एक कण ठेवा.

अर्ध्या तासात लेपाची चकाकी मंद होते, म्हणजे बसला. घरगुती लेपाला पाऊण तास द्या.

बिघडलं तर

चॉकलेटचा गोळा झालाच तर फेकू नका. त्यात चमचा चमचा कोमट पाणी घालत ढवळा. आधी आणखी घट्ट होईल, मग एकदम सैल, चकचकीत पाक तयार होईल. लेपाला तो चालत नाही, पण नारळाच्या गरम दुधात घातला तर थंडीत प्यायला फार सुरेख. वर पांढरट रेघा किंवा भुरका आला तर ती बुरशी नाही. एक तर कोको बटर वर आलं, नाही तर फ्रीजमधून काढल्यावर दव धरून साखर वर आली. खायला हरकत नाही. वडीच्या तळातून चिकट पाक झिरपत असेल तर तिथे लेपाला बारीक भोक राहिलं आहे. पुढच्या वेळी आधी फक्त तळ बुडवून वाळवा आणि मग अख्खी वडी बुडवा.

संत्र्याची साल

आमच्याकडे डिसेंबरअखेर आंबिया बहाराची शेवटची संत्री निघत असतात आणि घरात सालींचा ढीग असतो. लेप उरला तर मी तो सालींवर संपवते. आपल्याच झाडाची, फवारणी होऊन बरेच दिवस गेलेली संत्री असतील तरच हे करा. साली कोमट पाण्यात चोळून धुवा, आतला पांढरा कापूस चमच्याने खरवडा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा. तीन वेळा नव्या पाण्यात उकळून पाणी टाकलं की कडवटपणा बेताचा राहतो. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि दोन दिवस जाळीखाली सुकवा. पूर्ण सुकलेली पट्टी अर्धी लेपात बुडवायची, अर्धी केशरी ठेवायची. सासूबाईंना पेपरमिंट आवडत नाही, त्यांचा डबा या पट्ट्यांचा असतो.

ठेवण आणि वाटप

स्टीलच्या कोरड्या डब्यात, मध्ये बटर पेपर घालून थर रचा. पाण्यात मळलेला गाभा थंडीत दोन आठवडे चांगला राहतो. कुणी पाण्याऐवजी नारळाचं दूध घालतात, चव मऊ येते, पण मग डबा फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा लागतो. डबा कांदा-लसूण, मसाल्यांजवळ ठेवू नका. चहाच्या डब्याजवळ तर नकोच, दोन दिवसांत चहाला पेपरमिंटचा वास येतो.

वाटायच्या असतील तर डब्यावर चिठ्ठी चिकटवा: काय काय घातलं, कधी केलं, चारोळी आहे की नाही. तयार वडीचा लेप असेल तर तिचं रिकामं पाकीटही जपून ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता येतं. गेल्या नाताळात पुतणीच्या वर्गाला आम्ही ४२ वड्या पाठवल्या. आदल्या दिवशी बाईंना चिठ्ठी लिहून विचारलं होतं, वर्गात आणखी कुणाला काही चालत नाही का. एका मुलाला शेंगदाणे चालत नाहीत असं कळलं. मग पाकिटावरची अ‍ॅलर्जीची ओळ पुन्हा वाचली, चारोळी गाळली आणि परात, लाटणं, काटा सगळं नव्याने धुऊन घेतलं. डबा पुतणीनेच वर्गात फिरवला. घरी आली तेव्हा डबा रिकामा होता आणि तिच्या हनुवटीला चॉकलेट लागलेलं होतं. 'मोठी आई, मी दोन खाल्ल्या,' म्हणाली आणि दप्तर टाकून खेळायला पळाली. चेहरा धुवायचा राहिला होता, मी आवाज दिला नाही.